जळगावातून ओरॅकल डेटाबेस क्लाउडवर न्यायचा असेल तर

क्लाउडवर जायचं ठरलं की शेठजी आधी विचारतात, महिन्याला बिल किती येईल? पहिल्या बैठकीत मी आकडा सांगत नाही. डेटाबेस केवढा, हंगामात त्याच्यावर भार किती आणि लायसन्स कोणतं, हे बघितल्याशिवाय सांगितलेला आकडा थापच असते. माझं काम जळगाव, धुळ्याच्या जिनिंग, डाळमिल आणि सराफी पेढ्यांचे ओरॅकल डेटाबेस सांभाळायचं. बहुतेकांकडे अजून ११जी किंवा १२सी या ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या चालू आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, सर्व्हरच्या खोलीतला एसी दम टाकतो आणि मग क्लाउडची आठवण होते. कारण चुकीचं नाही, पण अशा घाईत घेतलेला निर्णय महाग पडतो.

आधी मोजा. ओरॅकल स्वतःची माहिती काही तयार याद्यांत ठेवतो. त्यातल्या डीबीए_डेटा_फाइल्समध्ये दिसते ती डिस्कवर अडवून ठेवलेली जागा. खरा माल डीबीए_सेगमेंट्समध्ये असतो. दोन्हींची बेरीज करून बघा, फरक पाहून गंमत वाटेल. त्यात कुणीतरी दहा वर्षांपूर्वी ‘टेम्प’, ‘जुना’, ‘जुना२’ अशा नावांनी काढून ठेवलेल्या टेबलांच्या प्रतीही सापडतील. मालकासमोर बसून त्या निकालात काढा, कारण क्लाउडवर त्यांचंही भाडं भरावं लागतं. मग आर्काइव्ह लॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली, दिवसाला किती जीबी तयार होतात ते काढा. हा आकडा दिवाळीनंतरचा, कापसाची आवक जोरात असतानाचा हवा. जूनमध्ये जिनिंग बंद असताना मोजून मशीन घेतलं, तर नोव्हेंबरात गेटवर गाड्यांची रांग लागेल आणि फोन तुम्हालाच येईल.

भार मोजायला अनेकजण ओरॅकलचा एडब्ल्यूआर हा कामगिरीचा रिपोर्ट काढतात. तो महागड्या एंटरप्राइज एडिशनवर डायग्नोस्टिक्स पॅक हा जोड विकत घेतला असेल तरच वापरायचा असतो. कमांड चालते म्हणून ती फुकट नसते, आणि वापरल्याची नोंद डेटाबेस स्वतःच ठेवतो. स्वस्तातल्या स्टँडर्ड एडिशनवाल्यांनी सरळ त्याच कामाचा फुकटचा स्टॅट्सपॅक बसवावा. दिसायला जुनाट आहे, पण आपल्याकडच्या कामाला भरपूर पुरतो.

आता लायसन्स. खरा पैसा इथे जातो, म्हणून जरा थांबून वाचा. आपल्या खोलीतल्या इंटेल सर्व्हरवर एंटरप्राइज एडिशन मोजताना कोअर फॅक्टर (कोअरच्या संख्येला लावायचा गुणक) ०.५ धरतात, म्हणजे ८ कोअरला ४ प्रोसेसर लायसन्स. ॲमेझॉनच्या क्लाउडवर किंवा मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर हा फॅक्टर चालत नाही. हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोनासारखा वापरणं) चालू असेल तर तिथे २ व्हीसीपीयूला (आभासी प्रोसेसरला) १ लायसन्स लागतं, आणि २ व्हीसीपीयू म्हणजे प्रत्यक्षात एकच कोअर. त्याच ४ लायसन्सवर इथे ८ कोअर मिळत होते, तिथे ४ मिळतात. ओरॅकलच्या स्वतःच्या क्लाउडवर १ लायसन्सला २ ओसीपीयू, म्हणजे २ कोअर मिळतात, त्यामुळे हिशोब घरच्यासारखाच राहतो. ही तफावत मुद्दाम ठेवलेली आहे, हे उघड आहे. म्हणून आधी एकच गोष्ट तपासा: एंटरप्राइज खरंच लागतं का? कोणत्या सोयी वापरल्या याची डीबीए_फीचर_यूसेज_स्टॅटिस्टिक्स ही यादी बघा. पार्टिशनिंग (मोठ्या टेबलाचे तुकडे) नाही, डेटा गार्ड (दुसऱ्या सर्व्हरवर चालती प्रत) नाही, तर स्टँडर्ड एडिशन टू वर उतरायला काय हरकत? ॲमेझॉनच्या आरडीएसवर, म्हणजे ॲमेझॉन स्वतः सांभाळून देतो त्या डेटाबेसवर, ते लायसन्स भाड्यातच धरून मिळतं.

ओरॅकल सोडून पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर जाऊ या, असं घरातली तरुण पिढी हमखास सुचवते. सूचना वाईट नाही. फक्त ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल (माहितीच नाही) समजतो, पोस्टग्रेस तसं समजत नाही; ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. ओरॅकलच्या आत लिहिलेल्या पंधरा वर्षं जुन्या पीएल/एसक्यूएल कोडमध्ये अशा जागा शोधायला वेळ आणि जाणकार माणूस दोन्ही लागतात. ते काम वेगळं धरा, क्लाउडच्या स्थलांतरात मिसळू नका.

जागा बदलली की अंतर वाढतं. ऑफिसातल्या लॅनवर एका फेरीला अर्धा मिलीसेकंद लागत असेल, तर मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत दहा धरा. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर एक-एक ओळ मागवणारं असतं. एका रिपोर्टला २,००० फेऱ्या झाल्या तर इथे १ सेकंद लागतो, तिथे २० सेकंद. मशीन कितीही मोठं घ्या, हे २० कमी होणार नाहीत. उपाय दोनच: एका फेरीत जास्त ओळी आणायच्या, नाहीतर ॲप्लिकेशनही डेटाबेसच्या शेजारी क्लाउडवर ठेवून ऑफिसातून रिमोटनं वापरायचं. मी बहुतेक वेळा दुसरा सुचवतो, कारण जुन्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणाकडे सापडत नाही.

वजनकाटा मात्र क्लाउडच्या भरवशावर ठेवू नका. शेतकऱ्याची कापसाची गाडी काट्यावर उभी आहे आणि इंटरनेट गेलं म्हणून पावती निघत नाही, हे चालणार नाही. काट्याच्या पीसीवर छोटा स्थानिक डेटाबेस ठेवा. पावती तिथेच निघू द्या आणि लाइन आली की नोंदी वर जाऊ द्या. पावती क्रमांकाला काट्याचा स्वतःचा कोड जोडा, म्हणजे दोन काट्यांचे क्रमांक एकमेकांना भिडणार नाहीत.

आपल्या भागातली खास अडचण नावांची. जुना डेटाबेस डब्ल्यूई८एमएसविन१२५२ या इंग्रजी-युरोपीय अक्षरांपुरत्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असेल तर त्यातली मराठी खरी मराठी नसतेच. फॉन्ट लावला की देवनागरी दिसते, काढला की इंग्रजी कचरा. डेटाबेस युनिकोडमध्ये नेल्यानं ती आपोआप सुधारत नाही. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा चालवावा लागतो. आणि खरी देवनागरी एएल३२यूटीएफ८ या ओरॅकलच्या युनिकोड सेटमध्ये आली की प्रत्येक अक्षरखुणेला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘जळगाव’ला १५ बाइट, ‘चाळीसगाव’ला २४, ‘मुक्ताईनगर’ला बरोबर ३०. गावाचा कॉलम ३० बाइटचा असेल तर मुक्ताईनगर कसंबसं बसेल, पण पुढे ‘ता.’ लिहिलं की नोंद नाकारली जाईल. म्हणून नवीन टेबलं करताना कॉलमची लांबी बाइटमध्ये नाही, कॅरेक्टरमध्ये द्या.

कॅरेक्टर सेट बदलायचा आहे, म्हणून आपल्यासाठी डेटा पंप, म्हणजे ओरॅकलचं एक्सपोर्ट-इम्पोर्टचं साधन, बरा. आरमॅन या बॅकअपच्या साधनानं जसाच्या तसा डेटाबेस उचलला तर जुना कॅरेक्टर सेटही सोबत येतो. एक्सपोर्ट घेताना फ्लॅशबॅक टाइम द्या, म्हणजे सगळा डेटा एकाच क्षणाचा येतो, नाहीतर पावती एका क्षणाची आणि खातं दुसऱ्या क्षणाचं येतं. डेटासकट कॉम्प्रेशन मागितलं तर त्यालाही वेगळं लायसन्स लागतं; फाइल बाहेर झिप केलेली बरी. २०० जीबी माल ५० एमबीपीएसच्या अपलोडवर कागदावर नऊ तास घेतो, प्रत्यक्षात रात्र जाते. तिकडे १९सी या नव्या आवृत्तीत आधी टेबलं भरा, मग इंडेक्स बांधा, स्टॅटिस्टिक्स गोळा करा. टेबलवार ओळींची संख्या आणि रकमांच्या बेरजा दोन्हीकडे जुळवा. नुसती संख्या जुळली म्हणून खूश होऊ नका. सिक्वेन्स, जॉब, डेटाबेस लिंक आणि इनव्हॅलिड ऑब्जेक्ट ही चार नावं कागदावर लिहून एकेक खोडा.

घड्याळही बघा. क्लाउडचं मशीन बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतं. ते तसंच राहिलं तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत रातपाळीत बांधलेल्या गाठींवर आदल्या दिवसाची तारीख पडेल. आरडीएसवर टाइमझोन सुरुवातीलाच ठरवून टाका.

आधी एकदा पूर्ण रंगीत तालीम करा, वेळ लिहून ठेवा आणि मगच दिवस ठरवा. जिनिंगसाठी माझ्या मते आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस उत्तम. मशीनं थंड, कामगार गावी, लेकीबाळी माहेरी आलेल्या, शेठजीही घरात. सराफाकडे मात्र आखाजीला हात लावायचा नाही, त्या दिवशी त्याचं दुकान ओसंडतं. त्याला पितृपक्ष द्या. कट ओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जायच्या रात्री जुना डेटाबेस रीड-ओन्ली करा, आणि किती वाजेपर्यंत जुळलं नाही तर मागे फिरायचं ती वेळ आधीच ठरवा. रात्री तीनला थकलेल्या डोक्यानं तो निर्णय होत नाही.

धुळ्याकडचे एक शेठजी मला नेहमी विचारतात, “मना डेटा कोठे शे?” म्हणजे माझा डेटा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. ॲमेझॉनची मुंबईतली सोय २०१६ पासून आहे, ओरॅकलची मुंबईत २०१९ पासून आणि हैदराबादेत २०२० पासून. कंपनीच्या हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा, असा २०२२ पासून नियम आहे. त्यामुळे दुसरी प्रतही भारतातच ठेवा, स्वस्त दिसली म्हणून सिंगापूर निवडू नका. १५२१ हा ओरॅकलचा नेहमीचा पोर्ट इंटरनेटला उघडा सोडू नका, व्हीपीएन लावा.

आरडीएसचा आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस टिकतो, आणि कंपनी कायदा ८ आर्थिक वर्षांची पुस्तकं मागतो. म्हणून दर महिन्याचा डेटा पंप वेगळ्या अकाउंटमध्ये टाका. त्या अकाउंटचा पासवर्ड रोजच्या ऑपरेटरकडे नको. दर तिमाहीला त्यातली एक फाइल छोट्या मशीनवर उघडून मागच्या वर्षीच्या एखाद्या शेतकऱ्याचं खातं काढून बघा, आणि काम झालं की ते मशीन बंद करा, नाहीतर बिलात दिसेल.

जुना सर्व्हर ३१ मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत विकायचा नाही. ऑडिटर नेमकी अशी नोंद मागतो जी कुठल्याच यादीत नव्हती. नंतर भंगारात द्यायचा तेव्हा डिस्क आधी काढून घ्या.