केमोनंतर लस घ्यायची आहे? आधी एवढी तयारी करा

कॅन्सरची केमो संपली की घरात विचारणा सुरू होते, आता लस घेऊन टाकायची ना? घ्यायचीच. पण कधी घेतली यावर तिचा उपयोग ठरतो. लस शरीराला जंतू ओळखायला शिकवते आणि शिकणाऱ्या पेशीच केमोने घटवलेल्या असतात.

म्हणून आधी फाइल काढा. शेवटच्या केमोची तारीख आणि सगळ्या औषधांची नावं एका कागदावर उतरवा. त्यात रिटुक्सिमॅब आहे का, हे मुद्दाम बघा. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, ते औषध बऱ्याचदा देतात. ते नेमकं बी पेशींवर मारा करतं आणि अँटिबॉडी तयार होतात त्या याच पेशींच्या जोरावर. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर निदान सहा महिने लशीचा प्रतिसाद फार क्षीण असतो. नुसती केमो झाली असेल तर साधारण तीन महिने थांबतात. केमो चालू असताना घेतलेले डोस धरायचे की पुन्हा घ्यायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फ्लूचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात तो वाढतो, म्हणून ती लस केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधेही देतात, कारण थोडं संरक्षणसुद्धा लाखमोलाचं. केमो सुरूच व्हायची असेल तर फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) लस किमान दोन आठवडे आधी उरकून घ्या, मात्र त्यापायी केमो लांबवू नका.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या लहानपणीच्या लशींचं बळ बहुतेक ओसरतं. धनुर्वात, घटसर्प, पोलिओ असं पहिल्यापासून घ्यावं लागतं. गोवराची लस ट्रान्सप्लांटनंतर दोन वर्षांच्या आत नाही, आणि नंतरही डॉक्टर हो म्हणाले तरच.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, बीसीजी (क्षयाची), पोलिओचे थेंब, यलो फिव्हर या जिवंत जंतूंच्या लशी. पेशंटला त्या परस्पर कुणी देऊ नयेत, म्हणून ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. नागिणीची नवी, दोन डोसांची लस जिवंत जंतूंची नाही. तिच्याबद्दल जरूर विचारा.

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते घरच्यांबद्दल. पेशंटला लस कमी लागू पडते, तेव्हा त्याच्याभोवतीच्या माणसांची लस त्याच्या कामी येते. मुलगा, सून, नातवंडं, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. मुलांची एमएमआर चुकवू नका, तिचा पेशंटला धोका नाही. पोलिओच्या थेंबांचं तसं नाही. तो जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून पोलिओ रविवार यायच्या आत बालरोगतज्ज्ञांना सांगा की घरात केमोचा पेशंट आहे, आणि थेंबांऐवजी इंजेक्शन चालेल का ते विचारा. मनाने काही टाळू नका. रोटाव्हायरसची लस दिल्यावर चार आठवडे बाळाची लंगोटी पेशंटने बदलू नये.

लशीच्या दिवशी ताजा सीबीसी (रक्तपेशी मोजण्याचा) रिपोर्ट जवळ ठेवा. प्लेटलेट कमी असतील तर सुई टोचण्याआधीच सांगा. नंतर ती जागा चोळू नका, दोन-तीन मिनिटं कापसाने घट्ट दाबून धरा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसऱ्या हातावर किंवा मांडीत घ्या. लशीने काखेत गाठ सुजू शकते आणि ती कॅन्सर शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये उजळते. स्कॅन जवळ आला असेल तर लशीची तारीख आणि हात कोणता, हे तिथे सांगा, म्हणजे नसती धास्ती नको.

हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या. आकडा 10 च्या खाली आला तर पुन्हा डोस द्यायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

थर्मामीटर उशाशी ठेवा. केमो चालू असताना ताप 100.4 वर गेला, तर लशीचाच असेल म्हणून घरी थांबू नका, पॅरासिटामॉल देऊन तो दाबू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि शेवटची केमो कधी झाली ते दारातच सांगा.