मेव्हिया इन्क्लेमेन्स: एकाच कोळ्याचे दोन वेगळे नर कसे ओळखायचे

अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडाच्या आग्नेय टोकाला वेलींवर, झुडपांवर, घरांच्या भिंतींवर हा जंपिंग स्पायडर सापडतो. नर पाच ते सात मिलिमीटरचा, मादी थोडी मोठी. रंगावरून नाव ठरवायची सवय इथे फसवते, कारण नर दोन रूपांत येतो आणि ती दोन्ही साधारण सारख्याच संख्येने दिसतात.

आधी नर आहे की मादी ते बघा. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांसारख्या अवयवांची, म्हणजे पेडिपाल्पची टोकं फुगीर असतील तर नर. टोकं फुगीर पण बाकी अंग मादीसारखं असेल, तर तो शेवटची कात न टाकलेला नर. त्याचं रूप आत्ता ठरवू नका, दोन रूपांतला फरक शेवटच्या कातीनंतरच दिसतो. मादी फिकट तपकिरी असते, पोटावर लांबीच्या दिशेने दोन तांबूस पट्टे.

तुरेवाल्या नराचं अंग काळं, पाय फिकट, आणि डोक्यावर आडव्या ओळीत केसांचे तीन तुरे. वरून काढलेल्या फोटोत तुरे अंगाच्या काळ्या रंगात हरवतात, म्हणून कोळ्याच्या पातळीवर कॅमेरा नेऊन समोरून आणि बाजूने फोटो घ्या. करड्या नराला तुरे नसतात. त्याच्या पायांवर काळे-पांढरे पट्टे आणि पेडिपाल्प नारिंगी. फ्लॅश जोरात पडला की हा नारिंगी रंग उडतो, तेव्हा फ्लॅशवर पातळ पांढरा कागद धरा.

मादी जवळ असेल तर रंगापेक्षा वागणूक पटकन सांगते. तुरेवाला साधारण नऊ सेंटिमीटरवर थांबून पाय ताणून उंच उभा राहतो, पुढचे पाय हलवतो. करडा तीनेक सेंटिमीटरवरच दबकून बसतो, पुढच्या पायांचा त्रिकोण करतो आणि कडेकडेने सरकतो.

काळा आणि तुरेवाला म्हणून फिडिपस (जंपिंग स्पायडरचीच दुसरी प्रजात) समजण्याची चूक नेहमीची. फिडिपस ऑडॅक्स अंगाने दांडगा, जबडे चमकदार हिरवे. मेव्हियाला ती धातूसारखी चमक नसते. मेव्हियाच्याच जवळच्या प्रजातींपासून मात्र फोटोवरून खात्रीने वेगळं करणं कठीण. तिथे प्रौढ नराच्या पेडिपाल्पची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.