उद्योजक पंतप्रधानाच्या कारकिर्दीचे टिपण कसे करावे

सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून आंतरराष्ट्रीय घडामोडींची टिपणे करून घेताना एक चूक मला वारंवार दिसते. देश संकटात सापडला, एका यशस्वी उद्योजकाला बोलावण्यात आले आणि तो पंतप्रधान झाला, एवढ्यावर मुले विषय मिटवतात. लेबनॉनचे नजीब मिकाती यांच्याबद्दल असे लिहिले, तर महत्त्वाचे तेच निसटते. त्यांचे टिपण तारखा लावूनच करावे.

वहीचे एक पान आडवे धरून पाच रकाने आखावेत. सरकार बनवण्याची जबाबदारी कधी मिळाली, मंत्रिमंडळ कधी जाहीर झाले, सरकार काळजीवाहू कधी झाले आणि सूत्रे कधी सोपवली, हे पहिल्या चार रकान्यांत येईल. पाचव्यात त्या काळात राष्ट्राध्यक्षपद भरलेले होते की रिकामे, हे लिहावे.

उद्योगाचा भाग दोन ओळींत उरकावा, मात्र क्रम चुकवू नये. मिकाती आणि त्यांचे बंधू ताहा यांनी १९८२ मध्ये इन्व्हेस्टकॉम ही दूरसंचार कंपनी उभारली आणि २००६ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएन कंपनीला सुमारे ५५० कोटी डॉलरना विकली. म्हणजे ते २००५ मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाले, तेव्हा हा व्यवहार व्हायचा होता. शिवाय १९९८ पासून ते मंत्री आणि २००० पासून खासदार होते, त्यामुळे ‘थेट उद्योगातून आले’ हे वाक्य खोडून टाकावे.

आता रकाने भरायला घ्यावेत. १४ फेब्रुवारी २००५ रोजी बैरुतमध्ये माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची हत्या झाली आणि एप्रिलमध्ये मिकाती यांच्याकडे केवळ निवडणूक पार पाडण्याचे काम आले. त्या निवडणुकीत ते स्वतः उभे राहिले नाहीत आणि जुलैमध्ये पायउतार झाले. ही ओळ सरळ आहे. दुसरी तशी नाही. २५ जानेवारी २०११ रोजी १२८ पैकी ६८ खासदारांच्या पाठिंब्यावर त्यांना जबाबदारी मिळाली, पण मंत्रिमंडळ १३ जूनला जाहीर झाले. मार्च २०१३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तरी नवे मंत्रिमंडळ फेब्रुवारी २०१४ मध्ये येईपर्यंत कारभार त्यांच्याकडेच राहिला.

‘काळजीवाहू’ हा शब्द मुलांना नीट कळत नाही, तेव्हा मी आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण देतो. संचालक मंडळ बरखास्त झाले की प्रशासक येतो. तो रोजचा कारभार चालवतो, परंतु मोठे धोरण ठरवण्याचा कौल त्याच्या पाठीशी नसतो. लेबनॉनच्या राज्यघटनेचे ६४वे कलम राजीनामा दिलेल्या सरकारला असेच मर्यादित अधिकार देते. फरक एवढाच, की प्रशासक बाहेरून नेमला जातो आणि येथे मात्र जुनेच सरकार पुढे चालू राहते.

सर्वाधिक वेळ तिसऱ्या ओळीला द्यावा. ४ ऑगस्ट २०२० च्या बैरुत बंदरातील स्फोटानंतर आधीच्या सरकारने राजीनामा दिला आणि तेरा महिन्यांनी, १० सप्टेंबर २०२१ रोजी, मिकाती यांचे मंत्रिमंडळ जाहीर झाले. मे २०२२ मध्ये नवी संसद आली, तेव्हा घटनेनुसार ते काळजीवाहू ठरले. जूनमध्ये पुन्हा जबाबदारी मिळूनही त्यांना नवे सरकार बनवता आले नाही. ते फेब्रुवारी २०२५ पर्यंत पदावर राहिले. याचे कारण बऱ्याच अंशी पाचव्या रकान्यात सापडते : ऑक्टोबर २०२२ अखेर राष्ट्राध्यक्षांची मुदत संपली आणि ९ जानेवारी २०२५ पर्यंत ते पद रिकामे होते, आणि नवे मंत्रिमंडळ नेमण्याच्या आदेशावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते.

पान भरून झाल्यावर पूर्ण अधिकारांचे महिने निळ्या आणि काळजीवाहू महिने लाल शाईने रंगवावेत. तिसऱ्या ओळीत निळे महिने जेमतेम आठ आणि लाल बत्तीसच्या वर भरतात. उत्तराचे पहिले वाक्य या दोन आकड्यांवरून लिहावे. संपत्तीचा उल्लेख त्यानंतर, एकदाच करावा.