जुनी पेट्रोल जीप उभी करताय? पार्ट घेताना या चुका टाळा

दुकानात जाऊन नुसतं "जीपचा ऑइल पंप द्या" म्हटलं की पंप मिळतो, पण तो आपल्या इंजिनाचा असेलच असं नाही. काउंटरवरचा म्हणतो, "जीपचाच हाय भाऊ, बिनधास्त लावा." तो खोटं बोलत नसतो. पंप जीपचाच असतो, फक्त दुसऱ्या जीपचा. विदर्भात मालगुजारांच्या वाड्यांत, जिनिंगच्या गोदामांत, आरा मशीनच्या शेडमध्ये पेट्रोल जीप अजून धूळ खात उभ्या सापडतात आणि हल्ली त्या बाहेर काढून मूळ रूपात आणायची हौस वाढली आहे. हौसेबद्दल तक्रार नाही, घाईबद्दल आहे. गाडी शेडमधून निघत नाही तोच पार्टची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागते.

गाडी कोणती हे न ठरवताच खरेदी

आधी समोरच्या जाळीच्या (ग्रिलच्या) फटी मोजा. युद्धकाळातल्या, म्हणजे १९४१ ते ४५ च्या विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. मागे टेलगेट नसतो आणि पेट्रोल ओतायचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. एमबीचा पुढचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) गोल पाइपचा, फोर्डचा चौकोनी. फोर्डच्या बोल्टांवर आणि ब्रॅकेटांवर वळणदार 'एफ' कोरलेला सापडतो.

नागरी सीजे ('सिव्हिलियन जीप') गाड्यांना सात फटी. सीजे-२ए (१९४५-४९) ची समोरची काच दोन तुकड्यांची, सीजे-३ए (१९४९-५३) ची एकसंध आणि तिच्याखाली हवेची झडप. उंच बोनेटची ती सीजे-३बी. तिच्या एफ-हेड इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आला, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही वर गेलं. आपल्याकडे जास्त सापडते ती हीच, महिंद्राने बांधलेली. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, इथे पुढेही निघत राहिली.

सात फटींच्या गाडीला हिरवा रंग देऊन बोनेटवर पांढरा तारा काढला म्हणून ती मिलिटरीची होत नाही. तरी असा तारा पाहून लोक एमबीचा भाव मोजतात आणि मग एमबीचे पार्ट शोधत फिरतात, जे तिला बसतच नाहीत. कागदपत्रांवर फार विसंबू नका. नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे पहिली नोंदणी त्या राज्यातली असू शकते, आणि नंतर इंजिन बदलल्याची नोंद कुणी केलीच असेल असंही नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही हाऊसिंग (डिफरन्शियलसकट अ‍ॅक्सल) ही पाच वेगवेगळी ओळखपत्रं समजा आणि प्रत्येकाची खात्री स्वतंत्र करा.

ऑइल पंप आणि कॅमची गफलत

एल-हेड (दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं जुनं इंजिन) आणि एफ-हेड, दोन्ही इंजिनं १३४ घन इंचांची, म्हणजे २,१९९ सीसी. बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच, तेही सारखं. म्हणून "सगळं एकच आहे" अशी समजूत होते. तसं नाही. एमबीच्या आणि सुरुवातीच्या सीजे-२एच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे क्रँकवरून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) फिरवायला, चेन आहे, नंतरच्या सगळ्यांत गिअर. चेनमध्ये कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरमध्ये उलट. ऑइल पंप कॅमवर चालतो, त्यामुळे पंपाच्या गिअरच्या दातांचा तिरपेपणाही दोन्हीत उलटा. चेनच्या इंजिनाला गिअरवाल्याचा पंप चालत नाही, आणि गिअरवाल्याला चेनचा नाही. जोर करून बसवणाऱ्याच्या हाती कॅमचे खाल्लेले दात येतात. डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर चालतो, म्हणजे तेल आणि करंट दोन्ही एका चुकीत गेले.

उपाय साधा आहे. पुढचं टायमिंग कव्हर उघडा, चेन आहे की गिअर ते डोळ्यांनी पाहा, मग जुना पंप पिशवीत घालून दुकानात न्या आणि दोन्ही गिअर शेजारी धरून दात कुठे झुकतात ते बघा. फोटोवरून ही खरेदी करू नका, कारण फोटो कुठल्या बाजूने काढलाय ते कळत नाही.

याच कामात आणखी एक गोष्ट. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. २०, ३०, ४० (इंचाच्या हजाराव्या भागात जादा) साइजपैकी जो सेट प्रत्यक्ष मिळेल तो मोजून मग बोअर करायचा. आधी ३० ला बोअर करून ठेवलं आणि बाजारात २० आणि ४० च मिळाले, तर लायनर (सिलिंडरची आतली नळी) टाकण्याचा खर्च अंगावर येतो.

हाऊसिंगचा रेशो

ही चूक सगळ्यात जास्त पाहायला मिळते, आणि सगळ्यात उशिरा कळते. हाऊसिंगमधल्या क्राउन-पिनियन गिअरचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. एमबीच्या क्राउन-पिनियनला ३९ आणि ८ दात, म्हणजे ४.८८ रेशो. सीजे-२ए, ३ए, ३बी ला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. बाहेरून हाऊसिंग जवळजवळ सारखं दिसतं आणि पाटेही जुळतात.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या ३बीचं उदाहरण घ्या. मागचं हाऊसिंग आवाज करत होतं. मिस्त्रीने क्राउन-पिनियन शोधण्याऐवजी कबाड्याकडून अख्खं हाऊसिंग आणून बसवलं. आवाज गेला, मालक खूश. उन्हाळाभर गाडी टू व्हीलमध्ये चालली, काहीच जाणवलं नाही. पावसात बागेच्या काळ्या मातीत रुतली तेव्हा फोर व्हील टाकलं, गाडी निघाली, आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर व्हीलची दांडी काही केल्या बाहेर येईना. तशीच पुढे रेटली. ट्रान्सफर केसला हात लावता येईना इतकी तापली आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) तुटला. दोष ट्रान्सफर केसच्या माथी मारला गेला. दुसरी आणून बसवली, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी रेशो मोजला तेव्हा मागचं हाऊसिंग ४.८८ चं निघालं आणि पुढचं मूळचं ५.३८ चं.

फरक दहा टक्क्यांचा. चिखलात चाकं घसरून तो पचवतात, डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण गिअर आणि शाफ्टमध्ये पिळला जातो. अशी अडकलेली दांडी ओढून तोडू नका. गाडी थोडी रिव्हर्स घ्या किंवा एक चाक जॅकवर उचला, पीळ सुटतो आणि दांडी हलते.

रेशो मोजायला हाऊसिंग उघडावं लागत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रल करा, बाकीच्या चाकांना दगड लावा, एकच मागचं चाक जॅकवर घ्या. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचला थोडे कमी भरले तर ४.८८, साडेपाचच्या जरा अलीकडे थांबले तर ५.३८. मग पुढच्या बाजूला हेच करा. कबाड्याकडे पडलेल्या हाऊसिंगवरही हे जमतं. एक बाजू धरून ठेवायला माणूस लागतो, बस. हाऊसिंगच्या झाकणाला रेशोची पट्टी असते, पण ती बहुधा गळालेली असते, आणि असली तरी झाकण दुसऱ्या गाडीचं नसेल कशावरून?

आटे

जुन्या जीपचे आटे इंचाचे आहेत, मिलिमीटरचे नाहीत. ५/१६ इंचाच्या जाड आट्याच्या भोकात ८ मिमीचा बोल्ट दोन-तीन फेरे आरामात जातो, मग अडतो. अधीर पोरगा लांब पाना लावतो आणि ब्लॉकमधले आटे घेऊनच बोल्ट बाहेर येतो.

चाकाच्या स्टडमध्ये तर जिवाशी खेळ आहे. मूळ स्टड अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आटे. आजच्या बऱ्याच लहान गाड्यांचा स्टड १२ मिमीचा, १.२५ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पिच जवळजवळ सारखी असल्यामुळे जीपचा जुना नट या बारीक स्टडवर बोटानेच सरसर चढतो. लोकांना वाटतं मस्त बसला. प्रत्यक्षात आटे एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, आणि जोर आला की नट सटकतो. नट चढवून आडवा हलवून पाहा. डुगडुगला तर तो स्टड फेकून द्या.

शिवाय डाव्या बाजूच्या, म्हणजे क्लीनर साइडच्या चाकांना मूळचे उलटे आटे असतात. स्टडच्या टोकाला 'एल' अक्षर असतं, गंजाखाली बघावं लागतं. पंक्चरवाल्याला हे आधी सांगितलं नाही तर तो नट सोडवायचा म्हणून आवळत जातो आणि स्टड तुटतो. मध्ये कुणी हब बदलला असेल तर एका चाकाचे उलटे, दुसऱ्याचे सरळ असंही होतं, म्हणून चारही चाकं तपासूनच स्टडची ऑर्डर द्या.

बाकीचं थोडक्यात

स्टार्टर घेण्याआधी फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मोजा. जुन्या एमबीला ९७, नंतरच्या ६ व्होल्टला १२४, १२ व्होल्टला १२९. स्टार्टरचा बेंडिक्स (रिंगमध्ये अडकणारा छोटा गिअर) जुळला नाही की रिंगच खाल्ली जाते.

६ व्होल्टची गाडी ६ वरच ठेवायची तर बॅटरीची केबल जाड घ्या. तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो. बारीक केबलवर स्टार्टर कण्हतो आणि लोक बिचाऱ्या बॅटरीला शिव्या देतात.

ट्रान्सफर केसचा मधला शाफ्ट तीन जाडीत येतो: पाऊण इंच, १ १/८ इंच, आणि पूर्ण सव्वा इंच. व्हर्नियर लावल्याशिवाय किट घेऊ नये.

चाकाचं बेअरिंग गाडीच्या नावाने मागू नका, नंबरने मागा. पुढच्या हबला १८५९० कोन आणि १८५२० कप.

कार्टर कार्ब्युरेटरवर पितळी पट्टी असते. एमबीची ५३९एस, २एची ५९६एस, ३एची ६३६एस. पट्टी नसलेला 'ओरिजिनल कार्टर' नकलेच्या भावातच घ्यावा.

परदेशातून मागवताना स्टिअरिंग बॉक्स, पेडलचा शाफ्ट आणि डॅशबोर्ड यांपासून दूर राहा. तिकडचे पार्ट डाव्या हाताच्या स्टिअरिंगचे असतात. बेअरिंग, गॅस्केट, सील खुशाल मागवा.

नवा बॉडी टब घेताना व्हीलबेस विचारा. ३बीचा ८० इंच आहे. पत्रा १८ गेजपेक्षा पातळ नको. पातळ पत्रा शेताच्या धुऱ्यावरच्या हेलकाव्यांत वेल्डिंगपाशी फाटतो.

रबराच्या बाबतीत मात्र ओरिजिनलचा हट्ट सोडा. जुन्या डब्यातला, कधीच न वापरलेला ब्रेकचा कप दिसायला नवा असतो, पण चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस डिग्रीत गोदामात पडून त्याचं रबर कडक झालेलं असतं. कप, होस, सील सगळे नवे घ्या. पेट्रोल पंपाचा पडदा आणि पाइपही इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, कारण ई-२० पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं किंवा मऊ पडतं. थर्मोस्टॅट "उन्हाळ्यात कशाला" म्हणून काढून टाकणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. गाडी तापत असेल तर रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे त्याच्या नळ्या सळईने साफ करून घ्या.

डिझेल इंजिन बसवलेली जीप घेऊन नंतर तिला 'व्हिंटेज' करायचा बेत असेल तर खरेदीआधी नियम बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या गाडीलाच 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे पेट्रोल इंजिन आधी शोधायचं, त्याचा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा, आणि मगच रंगाचा डबा उघडायचा.