कोरियन वळणाची गोष्ट लिहिताय? नायिका घडवताना या चुका टाळा

कोरियन मालिका बघता बघता स्वतःची गोष्ट लिहायला बसलेले बरेच जण आता मराठीतही आहेत. कुणी ती सोलमध्ये घडवतं, कुणी पुण्यात. गोष्ट कुठेही घडो, नायिका मात्र ओळखीची निघते. गरीब, हसरी, धांदरट, आई-वडिलांपैकी एक जण गेलेलं. पहिल्याच प्रकरणात तिच्या हातून एका उद्योगपतीच्या मुलाच्या शर्टावर कॉफी सांडते. पाच-सहा प्रकरणांनी वाचक तिला विसरतो आणि नुसती नायकाची वाट बघू लागतो. लिहिणाऱ्याला ते जाणवतं, पण नेमकं कुठे बिघडलंय ते सापडत नाही.

तपासायची एक सोपी पद्धत आहे. एका प्रकरणातून नायकाला पूर्ण काढून टाका. त्या दिवशी नायिका काय करते? कामावर जाते, कुणाशी भांडते, काही मिळवायला धडपडते? की तो येईपर्यंत तिच्याकडे करण्यासारखं काहीच नाही? तसं असेल, तर पुढच्यापैकी एखादी चूक झालेली असणार.

गरिबी नुसती सांगून मोकळं होणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कष्ट उपसणाऱ्या, कधी न रडणाऱ्या पोरीच्या साच्याला कोरियात ‘कँडी’ म्हणतात. ‘कँडी कँडी’ या जपानी ॲनिमेशन मालिकेवरून हे नाव पडलं. एकटी असले, दुःखी असले तरी मी रडणार नाही, असं तिचं कोरियन शीर्षकगीत सांगतं. २००४ ची ‘लव्हर्स इन पॅरिस’, २००९ ची ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’, २०१३ ची ‘द एअर्स’, या तिन्हींत नायिका पैशाने अडलेली आहे आणि नायक गडगंज. ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मधल्या जान-दीच्या घरचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, ‘द एअर्स’मधल्या उन-सांगची आई नायकाच्याच घरात कामाला. नक्कल करणारे नेमकी एवढीच माहिती उचलतात आणि नायिका गरीब झाली असं समजून पुढे जातात.

आता २०१८ ची ‘माय मिस्टर’ बघा. ली जी-आन ऑफिसात टेम्पररी कामाला आहे. तिथली इन्स्टंट कॉफीची पाकिटं ती खिशात घालून घरी नेते. रात्री एका हॉटेलात भांडी घासते आणि लोकांनी टाकलेलं अन्न बांधून आणते. ऐकू न येणाऱ्या आजीला चंद्र बघायचाय, तर सुपरमार्केटची ढकलगाडी आणून तिला त्यात बसवून नेते. आपण गरीब आहोत असं तिला एकदाही म्हणावं लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे ही गरिबी तिला वाईट वागायला लावते. पैशासाठी ती आपल्याच साहेबाला नोकरीवरून घालवायची सुपारी घेते आणि चोरून त्याचे फोन ऐकते. तिची दया येते आणि भीतीही वाटते. गोष्ट पुढे जाते ती त्या भीतीमुळे.

दुरुस्ती अशी: नायिकेच्या महिन्याचा हिशोब कागदावर मांडा. सोलमधली असेल तर राहते कुठे ते आधी ठरवा. तिथे ‘जोन्से’ नावाची पद्धत आहे. दरमहा भाडं न देता घरमालकाकडे सुरुवातीलाच भलीमोठी रक्कम ठेवायची आणि घर सोडताना परत घ्यायची. जिच्याकडे ती रक्कम नाही, ती पलंग आणि टेबल जेमतेम मावेल अशा ‘गोशिवोन’च्या खोलीत राहील, नाहीतर अर्ध्या तळघरात. पुण्यातली असेल तर पीजी, डिपॉझिट, मेसचा डबा. आणि तीन-तीन पार्ट-टाइम नोकऱ्या करणारी मुलगी सकाळी टवटवीत उठते असं कृपा करून लिहू नका. ती कधी झोपते? बसमध्ये डुलकी लागून तिचा स्टॉप चुकतो का? अशा एका चुकलेल्या स्टॉपवर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

धांदरटपणा म्हणजेच गोडवा समजणं

अडखळणारी, वस्तू पाडणारी, सोजू ही कोरियन दारू पिऊन नायकाच्या पाठीवर घरी जाणारी मुलगी पहिल्या खेपेला हसवते, चौथ्या खेपेला कंटाळा आणते. २००५ च्या ‘माय नेम इज किम सम-सून’ची सम-सूनही फटकळ आहे, प्रेमात ठेचा खाते, तोंडघशी पडते. पण ती केक-पेस्ट्री बनवणारी शेफ आहे आणि भट्टीपाशी तिचा हात चुकत नाही. तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली ही बाई कोरियाने इतकी डोक्यावर घेतली की शेवटच्या भागाचं रेटिंग पन्नास टक्क्यांच्या वर गेलं. तुमच्या नायिकेलाही असं एक ठिकाण द्या, जिथे ती इतरांपेक्षा सरस आहे. मग बाकी वेळ ती कितीही धडपडली तरी चालेल.

मनगट पकडणं

याबाबत मी कुठलीच सवलत द्यायला तयार नाही. नायक तिचं मनगट धरून भर गर्दीतून ओढत नेतो, भिंतीशी अडवतो, तिला न विचारता तिच्या वतीने ठरवतो, आणि नायिका डोळे मोठे करून बघत राहते. ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मध्ये तर नायक जुन-प्यो जान-दीला उचलून आणवतो आणि तिचा कायापालट करायला लावतो. तोवर त्याच्याच इशाऱ्यावर सगळी शाळा तिचा छळ करत असते. तिथे जान-दी निदान त्याला तोंडावर सुनावते. आपल्याकडच्या कथांमध्ये हे सुनावणंही गळून पडतं आणि उरतो फक्त हात पकडणारा पुरुष.

असा प्रसंग लिहून झाला असेल तर खोडण्याआधी तो तिच्या बाजूने लिहून पाहा. हात दुखतोय का? कुठे चाललोय हे तिला माहीत आहे का? तिला हात सोडवून घेऊ द्या, आणि त्याला ते ऐकावं लागू द्या. तिने ‘नाही’ म्हटल्यावर तो कसा वागतो, यावरून वाचकाला त्याच्याबद्दल बरंच कळेल.

प्रत्येक दुसरी बाई वैरीण

कपटी सावत्र बहीण, नायकाची जुनी प्रेयसी, पैशाचं पाकीट पुढे सरकवणारी त्याची आई. २००३-०४ च्या ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये या साच्याची पुरती हौस भागवून झाली आहे. बायकांचं आपसांतलं नातं एवढंच असतं असं धरून चाललात, तर नायिकेभोवतीचं अख्खं गाव वाया जातं.

इथे मला ‘व्हेन द कमेलिया ब्लूम्स’ फार मोलाची वाटते. २०१९ मध्ये केबीएस वाहिनीवर आलेल्या या मालिकेला पुढच्या वर्षी कोरियातल्या मानाच्या बेकसांग पुरस्कारांत टीव्हीचा सर्वोच्च मान मिळाला. दोंग-बेक ओंगसान नावाच्या गावात बार चालवते, एकटीने मुलगा वाढवते. खेकड्यांच्या हॉटेलांच्या त्या गल्लीतल्या बायका आधी तिला टोचून खातात. पण तिच्या जिवावर बेतलंय हे कळल्यावर त्याच बायका तिच्याभोवती पहारा देतात. आणि शेवटी खुनी समोर येतो तेव्हा दोंग-बेक स्वतःच्या हाताने बिअरचा जाड मग त्याच्या डोक्यात घालते. तिच्यावर जीव टाकणारा पोलीस नायक गोष्टीत आहेच, पण तो तडाखा लेखिकेने त्याच्या हाती दिला नाही.

प्रतिस्पर्धी हवीच असेल तर ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’मधल्या ना ही-दो आणि को यु-रिम आहेत. दोघी तलवारबाज. १९९८ च्या आर्थिक संकटात शाळेचा संघ बंद पडतो, तर ही-दो खटपट करून यु-रिमच्याच शाळेत दाखल होते. त्यांची चुरस पदकासाठी आहे, मुलासाठी नाही. म्हणून त्या पुढे मैत्रिणी होऊ शकतात.

आजार आणि स्मृती जाण्याचा टेकू

थोडक्यात सांगते. २००० च्या ‘ऑटम इन माय हार्ट’मध्ये नायिका उन-सो ल्युकेमियाने गेली आणि लोक रडले. २०२४ ची ‘क्वीन ऑफ टीअर्स’ टीव्हीएन वाहिनीची सर्वाधिक रेटिंगची मालिका ठरली. तिच्यातही नायिकेला मेंदूचा दुर्मिळ आजार आहे आणि शस्त्रक्रियेनंतर तिची स्मृती जाते. पूर्वार्धात हा आजार चालतो, कारण होंग हे-इन तो लपवून आपलं डिपार्टमेंट स्टोअर वर नेण्याचा हट्ट सोडत नाही. स्मृती गेल्यावर तीच बाई इतरांनी सांगितलेल्या थापांवर अवलंबून राहते आणि मालिका सैलावते, असं माझं मत आहे. आजार देणार असाल तर तो तिला काहीतरी करायला भाग पाडतो का ते बघा.

जुना साचा मोडून नव्यात अडकणं

या चुका टाळायच्या नादात काही जण नायिकेला थेट कंपनीची मालकीण करतात. उंच टाचा, कोरा चेहरा, धारदार उत्तरं. ती मीटिंगमधून बाहेर पडताना दिसते, मीटिंगमध्ये काय ठरलं ते मात्र कळत नाही. हाही साचाच, फक्त महागडे कपडे घातलेला.

‘लव्हर्स इन पॅरिस’ आणि ‘द एअर्स’ लिहिणाऱ्या किम उन-सूक यांनीच २०२२ मध्ये ‘द ग्लोरी’ लिहिली. ल्युकेमियाने गेलेल्या उन-सोचं काम करणाऱ्या साँग हे-क्यो तिच्यात मून दोंग-उन झाल्या. शाळेत छळ झालेली दोंग-उन कारखान्यात राबत शिकते, शिक्षिका होते, छळणारीचा नवरा ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळतो म्हणून तो शिकते आणि तिच्या मुलीच्या वर्गाची शिक्षिका होऊन येते. तीही गरीब, तीही एकटी. कँडीचं सगळं साहित्य तिच्यात आहे. पण प्रत्येक पायरी तिने स्वतः रचलेली आहे आणि त्यासाठी किती वर्षं गेली ते आपल्याला दिसतं.

गोष्ट अर्धी प्रसिद्ध झाली असेल आणि आता कँडी हातात आली असेल, तर सुरुवात बदलायला जाऊ नका. पुढच्याच प्रकरणात नायकाला गावाला पाठवा. नायिकेला दोन दिवसांत सोडवावं लागेल असं एक काम द्या, पैशाचं किंवा तिच्या धंद्यातलं. मदतीला एखादी बाई द्या, आणि चुकीचा का होईना, एक निर्णय तिला घेऊ द्या. तो परत येईल तेव्हा त्याला न विचारता काहीतरी बदललेलं असू द्या.