बोगस पदवीवाला सरकारी नोकर शोधताय? आधी या चुका टाळा

आस्थापना शाखेत उभी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन येतातच. कुणी पत्रकार, कुणी माहिती अधिकारवाला, कुणी पदोन्नती हुकलेला सहकारी. प्रत्येकाच्या पिशवीत एक झेरॉक्स आणि तोंडी एकच वाक्य: "साहेब, याची डिग्री शंभर टक्के बोगस आहे." कशावरून, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळ्यांना माहितीये." सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर दोषारोपपत्र निघत नाही. अशा तक्रारी वर्षानुवर्षं त्याच त्या चुकांनी फेटाळल्या जातात आणि खरा लबाड 'चौकशीअंती निर्दोष' असा शेरा मिरवत सुटतो. म्हणून हे लिहितोय.

माणूस आधी, कागद नंतर

ही सगळ्यात मोठी चूक. माणूस डोळ्यांत खुपतो म्हणून त्याची पदवी खोटी ठरवायला निघायचं. कागदाकडे आधी बघा आणि तो तिघांपैकी कोणता ते ठरवा.

एक, खऱ्या विद्यापीठाच्या नावाने बाहेर छापलेलं खोटं प्रमाणपत्र. ही सरळ बनावटगिरी, फौजदारी मामला. दोन, पदवी द्यायचा अधिकारच नसलेल्या दुकानाने रीतसर पैसे घेऊन दिलेलं प्रमाणपत्र. यात कागद 'अस्सल' असतो, देणाराच नकली असतो. तीन, विद्यापीठ खरं, कायद्याने स्थापन झालेलं, पण तो अभ्यासक्रम त्या वर्षी, त्या पद्धतीने चालवायची परवानगी त्याच्याकडे नव्हती.

तक्रारीत तिन्हींची खिचडी केली की समोरचा वकील पहिल्या तारखेलाच विद्यापीठाचं 'सदर विद्यार्थी आमचाच' असं पत्र लावतो आणि तुमची तक्रार तिथेच संपते. कारण तुम्ही लिहिलेलं असतं 'बनावट प्रमाणपत्र', आणि ते बनावट नसतंच.

तिसऱ्या प्रकाराचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2017 चा निकाल. ओडिशाच्या लिफ्ट इरिगेशन महामंडळातल्या अभियंत्यांच्या पदव्यांवरून वाद सुरू झाला आणि चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांपर्यंत जाऊन पोचला. परवानगी नसताना घरबसल्या इंजिनिअर! 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि एआयसीटीईने (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) घेतलेली परीक्षा पास झाल्यावरच त्या परत मिळतील असं सांगितलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द. त्या पदव्यांवर मिळालेल्या बढत्या आणि लाभ काढून घेतले, मात्र हातात पडलेले पैसे वसूल करू नका असंही सांगितलं. यातला एकही कागद छपाईच्या अर्थाने खोटा नव्हता, हे लक्षात घ्या.

यूजीसीची बोगस विद्यापीठांची यादी उघडली, नाव नाही, म्हणजे झालं

नाही झालं. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) बनावट विद्यापीठांची यादी काढतो, त्यात नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी वर्षानुवर्षं आहे, गोकाकची बडगाणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी आहे. दिल्लीची 'युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी' पण आहे. खरी त्या नावाची संस्था संयुक्त राष्ट्रांची, मुख्यालय टोकियोत. दिल्लीतल्या दुकानाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण ही यादी म्हणजे सापडलेल्या चोरांची यादी. न सापडलेले तिच्यात कसे असणार?

उलट्या बाजूने जा. 1956 च्या यूजीसी कायद्याचं कलम 22 सांगतं की पदवी कोण देऊ शकतं: केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम 3 खालची अभिमत संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस. मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत नाव शोधा आणि ते कोणत्या कायद्याने स्थापन झालं ते विचारा. त्या कायद्याचा क्रमांक आणि वर्ष देता आलं नाही की पुढचं बोलणंच खुंटतं. (हे कलम मोडल्याबद्दल त्याच कायद्यात दंड किती? जास्तीत जास्त 1000 रुपये. दुकानं का बंद होत नाहीत, हे मला कुणी विचारू नये.)

सोसायटी नोंदणी, ट्रस्ट नोंदणी, आयएसओ 9001, 'भारत सरकार नोंदणीकृत' हे सगळं एका बाजूला ठेवा. यातल्या कशानेही पदवी देता येत नाही.

आजची यादी, कालची पदवी

छत्तीसगडने 2002 मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांचा बाजार मांडला. शंभरावर विद्यापीठं, कित्येकांचा पत्ता म्हणजे एखादी खोली. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द केली. ती नावं आजच्या यादीत सापडणार नाहीत, पण ते कागद नोकरीत अजून जिवंत असू शकतात.

माझी सवय सांगतो. फाइल आली की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारखा लिहायच्या: प्रवेश, उत्तीर्ण, विद्यापीठाची स्थापना, अभ्यासक्रमाची परवानगी, नोकरीत रुजू. निम्म्या भानगडी तिथेच उघड्या पडतात. जळगावचं विद्यापीठ 1990 चं. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं ते 2014 मध्ये. म्हणजे 1991 च्या पदवीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' छापलेलं असेल तर थांबायचं. पण उड्या मारायच्या नाहीत! मूळ हरवलं म्हणून नंतर काढलेली दुय्यम प्रत असू शकते. ती कधी दिली, तो शिक्का आणि तारीख कागदावर शोधा. नवशिके इथे फार घाई करतात. नाव जुळलं नाही की लगेच व्हॉट्सॲपवर 'पर्दाफाश'.

पडताळणीचं पत्र गुणपत्रिकेवरच्याच पत्त्यावर

या चुकीवर मी बोलायला लागलो की घरचे उठून जातात. तरी सांगतो.

एका कार्यालयात एका कर्मचाऱ्याच्या परराज्यातल्या पदवीची पडताळणी 'पूर्ण' झालेली होती. फाइलमध्ये विद्यापीठाचं पत्र, गोल शिक्का, हिरव्या शाईतली सही, 'सर्टिफिकेट इज जेन्युइन'. खाली लिपिकाची टिपणी: खरे आढळले, नस्ती बंद करावी. पुढे पुन्हा तक्रार झाली आणि फाइल माझ्याकडे आली. त्या लिपिकाने एक पुण्याचं काम केलं होतं: पत्राला पाकीट टाचून ठेवलं होतं. विद्यापीठ परराज्यातलं, आणि पाकिटावरचा टपाल शिक्का शेजारच्या तालुक्याचा.

मग आमच्या गेलेल्या पत्राची कार्यालयीन प्रत काढली. पत्ता कुठून घेतला होता? गुणपत्रिकेच्या तळाशी छापला होता तिथून. तो निघाला एका 'अभ्यास केंद्रा'चा. शिवाय प्रतीवर बारीक अक्षरात शेरा होता, 'हस्तपोच'. कुणाच्या हाती? ज्याची पडताळणी चालली होती, त्याच्याच! तो स्वतः पत्र घेऊन गेला आणि स्वतःच उत्तर पाठवायची व्यवस्था करून आला. चोराला पंचनाम्याचा कागद देऊन 'जरा सही घेऊन ये' म्हणण्यातला प्रकार.

नव्याने पत्र पाठवलं. पत्ता त्या राज्याच्या उच्च शिक्षण विभागाकडून मिळवला, पाकिटावर परीक्षा नियंत्रकांचं पदनाम, स्पीड पोस्ट, प्रत त्या विभागालाच. उत्तर यायला फार वेळ लागला, दोन स्मरणपत्रं गेली. आलं तेव्हा एका ओळीचं होतं: हा नोंदणी क्रमांक आमच्या अभिलेखात नाही.

तेव्हा पत्ता कधीही कागदावरून उचलायचा नाही, फोन नंबर तर नाहीच. हस्तपोच बंद. पाकीट टाकायचं नाही. आणि तीन दिवसांत उत्तर आलं तर आनंद मानू नका, शंका घ्या. खऱ्या विद्यापीठाचा परीक्षा विभाग इतका चपळ मी तरी पाहिलेला नाही.

हेही खरं की विद्यापीठानेच हात मारला असेल तर विद्यापीठाचं पत्र काय कामाचं? हिमाचलमधल्या सोलनचं मानव भारती विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं, यादीत असलेलं. तिथूनच हजारोंनी पदव्या विकल्या गेल्या, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. अशा वेळी पुढचा मुद्दा कामाला येतो.

हजेरीपट न बघणं

सगळे पदवीच्या मागे धावतात, पण त्या पदवीच्या काळात माणूस कुठे होता हे कुणी बघत नाही. सेवापुस्तक, रजा लेखा, हजेरीपट. कार्यालयातच असतात, फुकट असतात.

एक प्रकरण असं होतं की कागद कुठेच फाटत नव्हता. विद्यापीठ खरं, अभ्यासक्रम मान्य, पत्राचं उत्तर खरं. पदवी 'नियमित', दोन वर्षांची, बाराशे किलोमीटरवरची. मी हजेरीपट मागवला. परीक्षेच्या एकाही दिवशी रजा नाही, सकाळी सही, संध्याकाळी सही, एका दिवशी तर दौऱ्याचा भत्ताही उचललेला. गुणपत्रिकेवरच्या परीक्षेच्या तारखा आणि मस्टरच्या तारखा एका कागदावर समोरासमोर मांडल्या आणि त्याला एकच प्रश्न विचारला: यातलं खोटं कुठलं ते तुम्हीच सांगा. पदवी खरी म्हणावी तर हजेरी खोटी आणि पगार लबाडीचा. हजेरी खरी म्हणावी तर परीक्षा दिली कुणी? त्याच्या वकिलालाही यावर काही सुचलं नाही.

सोबत हेही बघा: शिक्षण घ्यायला कार्यालयाची पूर्वपरवानगी होती का, अध्ययन रजा होती का, फी कुणी आणि कशाची भरली. 2004 मध्ये अमेरिकेत जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने केंद्रीय कर्मचाऱ्यांची अशीच झडती घेतली. त्यांनी नुसत्या कर्मचाऱ्यांच्या फायलींवर न थांबता पदव्या विकणाऱ्या संस्थांकडूनच विद्यार्थ्यांच्या नोंदी मागवल्या. तीन संस्थांनी दिलेल्या माहितीत 463 केंद्रीय कर्मचारी निघाले. त्यात एक गंमत कळली. ही दुकानं अख्ख्या पदवीचा एकरकमी भाव लावतात. पण सरकार पैसे देतं ते एकेका विषयाचे, म्हणून सरकारी बिलापुरती तीच रक्कम विषयवार फोडून दाखवली जायची. पावती वाचायची सवय लावून घ्या.

थोडक्यात निपटण्यासारख्या चुका

मुक्त विद्यापीठाची पदवी दिसली की नाक मुरडणं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 च्या राज्य कायद्याने स्थापन झालंय. रात्रपाळी करून शिकलेल्या माणसाला बोगसवाल्यांच्या रांगेत उभं करणाऱ्यांची मला चीड येते.

डिजिलॉकरवर पदवी दिसत नाही म्हणून ती खोटी ठरवणं. जुने अभिलेख तिथे असतीलच असं नाही.

हॉटेलात शाल-श्रीफळासकट मिळालेल्या 'मानद डॉक्टरेट'वर महिना घालवणं. पाटीवर 'डॉ.' लावणं हास्यास्पद आहे, पण त्यावर वेतनवाढ किंवा पदोन्नती घेतली नसेल तर हाती फारसं लागणार नाही. आधी त्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाचा: ती पदवी लागत होती का आणि तिच्यामुळे त्याला काय मिळालं?

परदेशी पदवीला 'अमुक बोर्डाची मान्यता आहे' हे ऐकून गप्प बसणं. दुकानं स्वतःची मान्यता मंडळंही काढतात. समकक्षता प्रमाणपत्र मागा. पूर्वी ते भारतीय विद्यापीठ संघ द्यायचा, 2025 च्या नियमांनी ते काम यूजीसीकडे आलं.

माहिती अधिकारात 'अमक्याची पदवी द्या'

अर्ज फेटाळला जाणार, लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या गिरीश देशपांडे निकालापासून कर्मचाऱ्याच्या फाइलमधली माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारायला हा निकाल पुढे केला जातो, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम 8(1)(ञ) आणखी आवळलं. व्यापक जनहिताचं कलम 8(2) शिल्लक आहे, पण ते अपिलात वापरायचं हत्यार, पहिल्या अर्जात नाही.

माणसाचं नाव न घेता मागा. त्या पदाचे सेवाप्रवेश नियम. पडताळणीबाबतची परिपत्रकं. त्या संवर्गात किती जणांच्या पदव्यांची पडताळणी झाली, किती जणांची बाकी आहे. उच्च अर्हतेवर आगाऊ वेतनवाढ दिल्याचे आदेश. शेवटचा कागद हाती आला की संस्थेचं नाव बहुधा त्यातच असतं.

आणि हे सगळं करण्याआधी निवृत्तीची तारीख बघा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 मधल्या नियम 27 प्रमाणे माणूस एकदा निवृत्त झाला की चार वर्षांपूर्वीच्या घटनेवर नवी विभागीय चौकशी सुरू करता येत नाही, आणि चार वर्षांच्या आतली असली तरी शासनाची मंजुरी लागते. फौजदारीचा रस्ता वेगळा. लोक मात्र पुरावे 'पक्के' करत बसतात आणि तक्रार घेऊन येतात ती निरोप समारंभाच्या आठवड्यात. सेवेत असतानाच दोषारोपपत्र हाती पडलं की चौकशी निवृत्तीनंतरही चालू राहते. तेव्हा सहा महिने उरले असतील तर तीन कागदांवर तक्रार द्या: संस्था कोणत्या कायद्याने स्थापन झाली हे विचारणारं पत्र, तारखांचा तक्ता आणि हजेरीपटाच्या मागणीचा अर्ज. आवक शिक्क्यासह पोच घ्या. बाकीचं मागाहून जोडता येतं.