सरकारी ओपीडीत रक्ताची तपासणी लिहून कशी घ्यावी: नाशिककरांसाठी मार्गदर्शन

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन तास रांगेत उभे राहून आत गेलेला रुग्ण "डॉक्टर, एकदा रक्त तपासून द्या ना" असे म्हणतो आणि बहुतेक वेळा "गरज नाही, या गोळ्या घ्या" एवढे ऐकून बाहेर पडतो. तपासणीला पैसे पडत नाहीत, प्रयोगशाळा त्याच इमारतीत आहे, सुई टोचणारा माणूसही बसलेला आहे. अडते ते केसपेपरवरच्या एका ओळीपाशी, कारण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लॅबच्या खिडकीत नमुना घेतला जात नाही. ती ओळ रास्त कारणासाठी, भांडण न करता आणि शक्यतो पहिल्याच खेपेला केसपेपरवर कशी यावी, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

प्रथम डॉक्टर नाही का म्हणतात ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. गर्दी आणि घाई हे उघड कारण आहे. एका सकाळी शंभराहून अधिक केसपेपर हाताखालून जात असतील, तर प्रत्येकाला मिळणारी मिनिटे बोटांवर मोजता येतात. रसायनाचे किट संपलेले असणे, किंवा त्या दिवशीचे नमुने घेण्याची वेळ टळून गेलेली असणे हे दुसरे कारण असते, आणि ते डॉक्टर प्रत्येक वेळी बोलून दाखवतातच असे नाही. तिसरे कारण मात्र रुग्णांना सहसा पटत नाही, तरी ते खरे आहे. रक्ताच्या अहवालात जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांची असते, म्हणजे ठणठणीत माणसांतही वीसातील एकाचा आकडा मर्यादेबाहेर जातोच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा चुकीचा दिसण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. मग त्या एका आकड्यामागे पुन्हा तपासण्या आणि फुकटची धास्ती. म्हणून "सगळंच चेक करून टाका" ही मागणी चांगल्या डॉक्टरला अडाणीपणाची वाटते, आणि माझ्या मते ते वाटणे योग्यच आहे. खाजगी लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजच्या जाहिराती पाहून आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, एवढेच.

मात्र याच कारणाच्या आडून खरोखर गरजेची तपासणीही टाळली जाते, आणि आमच्या घरी तसेच झाले. माझी आई शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात तीन वेळा गेली. तिन्ही वेळा तिने "फार थकवा येतो, रक्त कमी झालंय वाटतं" एवढेच सांगितले आणि तिन्ही वेळा लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटे घेऊन ती परत आली. चौथ्या वेळी मी सोबत गेलो तेव्हा वहीच्या पानावर तिची सारी हकिगत आठ ओळींत लिहून नेली होती. डॉक्टर मॅडमनी ते पान वाचले, आईच्या मानेवरून एकदा हात फिरवला, आणि काही न विचारता हिमोग्राम (रक्तपेशी व हिमोग्लोबिनची मोजणी) व टीएसएच (थायरॉइडची तपासणी) लिहून दिले. टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले होते. डॉक्टर त्याच होत्या, रुग्णही तीच होती. बदलले होते ते फक्त सांगणे.

त्या पानावर काय असावे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट तीच आहे. रोगाचे नाव किंवा तपासणीचे नाव लिहू नये. त्रास कधी सुरू झाला, कसा वाढला, आधी काय करून पाहिले आणि घरात कोणाला काय आहे, एवढेच मोजून लिहावे. नमुन्यादाखल असे:

"वय ५८, स्त्री. साडेचार महिन्यांपासून थकवा, जिना चढताना धाप लागते. वजन जानेवारीत ५४ किलो, आता ५९ किलो. जेवण वाढलेले नाही. बद्धकोष्ठता, इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते, केस गळतात. लोहाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, फरक नाही. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चालू. सख्ख्या धाकट्या बहिणीला थायरॉइड आहे. रक्त शेवटचे दोन वर्षांपूर्वी तपासले, तो अहवाल सोबत जोडला आहे."

यातला प्रत्येक आकडा डॉक्टरच्या मनात एक प्रश्न उभा करतो, आणि त्याचे उत्तर तपासल्याशिवाय मिळत नाही, हे त्यांना आपणहून दिसते. "फार दिवसांपासून" या शब्दांना ओपीडीत काही किंमत नाही. "साडेचार महिन्यांपासून" याला आहे. "गोळ्या खाऊन झाल्या" यापेक्षा "दोन महिने घेतल्या, फरक नाही" हे वाक्य अधिक बोलके आहे, कारण पहिला उपाय फसला की पुढची पायरी तपासणीचीच असते. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत; नाव आठवत नसले तरी ती बोलतात.

मग तोंडाने काय म्हणायचे? तपासणीचे नाव घेऊन हट्ट धरण्याऐवजी, "डॉक्टर साहेब, हे थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी झाल्यामुळे असू शकेल का, आणि ते कसं कळेल?" असे विचारावे. या प्रश्नाला "नाही" असे उत्तर द्यायचे तर कारण सांगावे लागते. डॉक्टर कारण सांगून नकार देत असतील, तर ते नीट ऐकावे; कित्येकदा ते बरोबर असते. उदाहरणार्थ, दोन दिवसांच्या तापात लोक टायफॉइडसाठीच्या विडाल तपासणीचा आग्रह धरतात, पण पहिल्या आठवड्यात तिचा फारसा भरवसा धरता येत नाही आणि पुढेही ती फसवी ठरू शकते. डेंग्यूचेही तसेच आहे: पहिल्या पाच दिवसांत एनएस१ प्रतिजनाची तपासणी उपयोगाची, त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडाची, त्यामुळे ताप नेमका कोणत्या दिवशी आला हे सांगता आले नाही तर चुकीची तपासणी लिहिली जाण्याचा धोका असतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलून पंधरा दिवसच झाले असतील, तर टीएसएच पुन्हा तपासून काही कळत नाही. सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी दर महिन्याला मागणेही निरर्थक आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातल्या ज्या रुग्णांना सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, त्यांच्या बाबतीत तर हा आकडा मुळात विश्वासार्ह नसतो आणि डॉक्टरांना तसे आठवण करून देण्यात काही चूक नाही.

आता कोणत्या दारी जायचे, हे पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सारे 'सिव्हिल' म्हणतो, तालुक्यांतील उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये, आणि शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ही या विभागाची आहेत. महापालिकेची रुग्णालये, म्हणजे कथड्याचे झाकीर हुसेन, नाशिकरोडचे बिटको, पंचवटीतील इंदिरा गांधी ही वेगळ्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तो शासन निर्णय त्यांना आपोआप लागू होत नाही आणि तेथील शुल्काचा फलक वेगळा वाचावा लागतो. जवळ असेल तेथे जावे हे खरे, पण कोण कोणाचे हे ठाऊक असल्यास पुढे तक्रार करताना वेळ वाया जात नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवा उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत पातळीनुसार तपासण्यांची संख्या ठरलेली आहे: उपकेंद्रात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९७, उपजिल्हा रुग्णालयात १११ आणि जिल्हा रुग्णालयात १३४. कागदावरची ही यादी आणि एखाद्या मंगळवारची प्रयोगशाळा यांत अंतर असते, हे कोणीही सांगेल. तरी या यादीचा एक उपयोग आहे. "आमच्याकडे होत नाही" असे ऐकल्यावर "नमुना वर पाठवता येईल का?" असे विचारावे. महाराष्ट्रात २०१७ पासून महालॅब योजनेखाली केंद्रांवर घेतलेले नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेऊन अहवाल परत देण्याची सोय आहे, आणि गावाकडच्या अनेक केंद्रांचे काम तीवरच चालते. नमुने उचलणारी गाडी एका ठरावीक वेळी येते, म्हणून सकाळी लवकर पोहोचणे हे येथे शिस्तीपेक्षा गरजेचे आहे. शक्य असेल तर सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळावा.

काही तपासण्यांसाठी तर ओपीडीतली ही सारी कसरत करावीच लागत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. एचआयव्हीची तपासणी समुपदेशन व चाचणी केंद्रात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मोफत आणि गुप्तता राखून होते. तापात हिवतापासाठी रक्ताचा नमुना आरोग्य कर्मचारी घरी येऊन घेतात. आशाताईंना निरोप दिला की पुरे. तिशी ओलांडलेल्यांची साखर व रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासला जातो. गरोदर महिलांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली त्यांच्या तपासण्या २०११ पासूनच मोफत आहेत. गरोदर सुनेच्या हिमोग्लोबिनसाठी कोणी "बाहेरून करून आणा" म्हटले, तर तेथे गप्प बसू नये. आदिवासी तालुक्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची सिकलसेल तपासणी १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत होते, तिच्यासाठी आजारी असण्याचीही अट नाही.

केसपेपरवर ओळ आली की खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी ती वाचून घ्यावी. अक्षर लागत नसेल तर तेथेच विचारावे, कारण लॅबच्या खिडकीवरून परत पाठवले की पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागते. उपाशीपोटी यायचे का, हेही तेव्हाच विचारावे: उपाशीपोटीच्या साखरेला किमान ८ तास काही न खाता राहावे लागते, पाणी चालते, हिमोग्राम आणि एचबीए१सी यांना उपास लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे, त्यांनी थायरॉइडचे आकडे बिघडतात. माझ्या आईप्रमाणे ज्याला मधुमेह नाही असा माणूस रिकाम्या पोटी तासभर थांबू शकतो, पण इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णासोबत खाऊचा डबा असलाच पाहिजे, नाहीतर रांगेतच भोवळ येते.

एवढे करूनही नकार मिळाला आणि कारण पटण्यासारखे नसेल, तर आवाज चढवू नये, शांतपणे म्हणावे, "मॅडम, तपासणीची गरज नाही असं केसपेपरवर लिहून द्याल का, म्हणजे पुढच्या वेळी दाखवता येईल." हे वाक्य धमकीसारखे वाटू नये याची काळजी घ्यावी, पण लिहून द्यायची वेळ आली की डॉक्टर एकदा पुन्हा विचार करतात, हा माझा अनुभव आहे. रुग्णाला आपल्या आजाराची माहिती आणि आपले कागद मिळण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत नमूद आहे, आणि वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारनियमांत मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देण्याची तरतूद आहे. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत दुसऱ्या डॉक्टरांना तेच पान दाखवावे. ते अप्रामाणिकपणाचे नाही, फक्त आधी दाखवून गेल्याचे लपवू नये.

तक्रार ही शेवटची पायरी आहे आणि ती योग्य टेबलावर गेली तरच उपयोगी पडते. सिव्हिलसाठी जिल्हा शल्य चिकित्सक, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तालुका आरोग्य अधिकारी व त्यांच्या वर जिल्हा परिषदेतील जिल्हा आरोग्य अधिकारी, महापालिकेच्या रुग्णालयासाठी महापालिकेचे वैद्यकीय विभागप्रमुख. दूरध्वनीने १०४ वरही आरोग्यविषयक तक्रार नोंदवता येते. तक्रारीत डॉक्टरांच्या स्वभावाबद्दल एकही शब्द लिहू नये. तारीख, केसपेपरचा क्रमांक, आजाराची लक्षणे आणि "कोणती तपासणी, कोणत्या कारणाने नाकारली" एवढेच लिहावे. किट महिनोन्‌महिने नसल्याचा संशय असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर साठ्याची नोंद मागता येते आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. पण तोवर रुग्ण थांबणार नाही, म्हणून हे आपल्यासाठी कमी आणि पुढच्यांसाठी जास्त.

नाइलाजाने बाहेरच्या लॅबमध्ये जावे लागले, तर अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही आहे का ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे आवश्यक ठरवले आहे, आणि सही नसलेला अहवाल सरकारी डॉक्टर बाजूला सारतात, ते योग्यही आहे.

अहवाल हाती आला की त्याचा मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद जुन्या केसपेपरसोबत एकाच फाइलमध्ये लावावा, आणि दाखवायला जाल त्याच दिवशी पुढची तपासणी किती आठवड्यांनी करायची, ते डॉक्टरांकडून त्याच केसपेपरवर लिहून घ्यावे. आईच्या केसपेपरवर "टीएसएच, ८ आठवड्यांनी" ही ओळ आहे, आणि त्या ओळीमुळे पुढच्या खेपेला तिला काहीही समजावून सांगावे लागले नाही.